कागद, संगणक की क्लाऊड? पेशंटची माहिती कुठे ठेवायची ते ठरवण्याआधी

संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि वेटिंग रूममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. काउंटरवरच्या ताई नवीन केसपेपर लिहीत होत्या. तेवढ्यात फोन वाजला, तो त्यांनी मानेत धरला. समोरच्या बाईंनी नाव सांगितलं. ताईंनी ते यादीत शोधता शोधता मोठ्याने पुन्हा उच्चारलं, पूर्ण नाव, आडनावासकट. मग म्हणाल्या, ‘हो, तुमचा प्रेग्नन्सीचा रिपोर्ट आलाय, पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरांनी उद्या बोलावलंय.’ त्या बाईंच्या ऑफिसातले एक गृहस्थ बाकावर बसले होते.

मी तेव्हा त्या दवाखान्याचं रेकॉर्ड सांभाळायचे. दोनेक महिन्यांनी त्या बाई आल्या आणि माझ्याशी बोलल्या. त्यांनी घराबाहेर कुणाला सांगायच्या आधीच ऑफिसात अभिनंदन सुरू झालं होतं. पुढे गर्भ टिकला नाही, आणि ज्यांनी ज्यांनी अभिनंदन केलं होतं त्या प्रत्येकाला त्यांना ते सांगावं लागलं. ‘मी कुणाला सांगितलंच नव्हतं हो,’ एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर मला कदाचित बरं वाटलं असतं.

त्याच महिन्यात आम्ही नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, रोजचा बॅकअप, सगळं व्यवस्थित. त्यातून एक अक्षरही बाहेर गेलं नव्हतं.

तेव्हापासून ‘कागदावरच राहू की संगणक घेऊ, की आता क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर जाऊ’ असं कुणी डॉक्टरांनी विचारलं की मी आधी एक काम सांगते. सगळ्यात जास्त गर्दी असते त्या तासाला पेशंटच्या बाकावर जाऊन बसा. अर्धा तास पुरे. काय ऐकू येतं, काय वाचता येतं, कुठली स्क्रीन दिसते, ते लिहून काढा. पुढे तिन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघू, पण कसोटी त्या तासाचीच लावू.

आधी ओळखायला शिकू

गोपनीय माहिती म्हणजे आजाराचं नाव, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अपुरी आहे. एखादा माणूस कुठल्या दवाखान्यात जातो, हीच माहिती पुष्कळदा सगळं सांगून जाते. लंडनमध्ये ५६ डीन स्ट्रीट नावाचं लैंगिक आरोग्याचं क्लिनिक आहे. २०१५ साली तिथून एचआयव्ही सेवेशी संबंधित एक माहितीपत्रक ईमेलने गेलं. त्यात कुणाच्याही आजाराबद्दल शब्द नव्हता. चूक एवढीच झाली की ७८१ पत्ते एकमेकांपासून लपतील अशा रकान्यात टाकायचे, ते सगळ्यांना दिसतील अशा रकान्यात पडले. बहुतेक पत्त्यांसोबत पूर्ण नावं होती. पुढच्या वर्षी त्या रुग्णालय संस्थेला १ लाख ८० हजार पौंडांचा दंड झाला. पत्रक कुणाला आलं, एवढ्यावरूनच लोकांनी निष्कर्ष काढले असते, आणि त्यांतले काही चुकीचेही निघाले असते, कारण यादीतल्या सगळ्यांनाच एचआयव्ही नव्हता.

मी कर्मचाऱ्यांना शिकवताना दोन प्रश्न सांगते. यावरून माणूस कळतो का? आणि यावरून त्याच्या तब्येतीबद्दल, उपचारांबद्दल किंवा उपचारांच्या पैशांबद्दल काही कळतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की ती माहिती गोपनीय. अपॉइंटमेंटची यादी, बिल, औषधाच्या पाकिटावरची चिठ्ठी, लॅबला जाणाऱ्या बाटलीवरचं लेबल, विम्याचा फॉर्म, ‘उद्या उपाशीपोटी या’ असा मेसेज, हे सगळं त्यात येतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना लोक हमखास फसतात. नाव खोडलं की झालं, असं त्यांना वाटतं. पेशंटच्या माहितीबद्दलच्या अमेरिकेच्या हिपा कायद्याखालच्या नियमांनी माणूस ओळखू येईल अशा १८ प्रकारच्या खुणांची यादी दिली आहे. त्यात नाव आहेच, शिवाय फोन नंबर, गाडीचा नंबर, शरीरात बसवलेल्या यंत्राचा क्रमांक, चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे आहेत. जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, घरी सोडल्याची तारीख यांतलं फक्त वर्ष ठेवायचं, दिवस आणि महिना काढून टाकायचा. वय ८९च्या वर असेल तर नेमकं वयसुद्धा लिहायचं नाही, ‘९० आणि पुढे’ असा एकच गट करायचा, कारण त्या वयाची माणसं मोजकी असतात आणि चटकन ओळखू येतात.

एवढी काटेकोर यादी का, याचं उत्तर संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी दिलं. १९९०च्या दशकात त्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात शिकत होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. स्वीनी यांनी २० डॉलरना केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड या तीनच गोष्टी दोन्ही याद्यांत जुळवून त्यांनी थेट राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. पुढे २००० साली त्यांनी अंदाज मांडला, की अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं या तीन गोष्टींवरून एकमेवपणे ओळखता येण्यासारखी आहेत. म्हणून एखादी ‘इंटरेस्टिंग केस’ नाव काढून डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकताना थांबा. वय, गाव, व्यवसाय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की त्या गावातला कुणीही माणूस ओळखतो.

फोटो आणि स्कॅनबद्दल वेगळं सांगायला हवं. सोनोग्राफीच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलंच असतं. सीटी-एमआरआयची चित्रं ज्या खास प्रकारच्या फाइलमध्ये येतात त्या डायकॉम फाइलमध्ये नाव, जन्मतारीख आणि तपासणीची तारीख चित्राच्या आत, न दिसणाऱ्या रकान्यांत असते, त्यामुळे स्क्रीनवरचं नाव झाकलं तरी फाइलमध्ये ते राहतंच. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी पुष्कळदा खालची अक्षरं तशीच असतात आणि कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की वाचता येतात. काहीच सुचत नसेल तर कागद छापा, नाव जाड पेनाने खोडा आणि मग त्याचा फोटो काढा. जुनाट वाटेल, पण हा उपाय सहसा फसत नाही.

कागदी केसपेपर आणि कपाट

कागदाला मागास समजणाऱ्यांशी माझं पटत नाही. कपाटातली फाइल हजार मैलांवरून चोरता येत नाही. तीस हजार पेशंटच्या फायली न्यायच्या तर ट्रक लागेल. वीज गेली तरी कागद चालतो, आणि नवीन माणसाला तो दहा मिनिटांत शिकवता येतो.

पण कागद कुणी बघितला हे कधीच कळत नाही, आणि इथे मी कागदाचे गुण कापते. ओपीडीचं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं. चाळिसावा पेशंट सही करायला वाकतो तेव्हा वरची एकोणचाळीस नावं आणि त्यांच्यापुढची ‘तक्रार’ त्याला दिसते. ही तक्रारीची कॉलम मी शक्य तिथे काढून टाकायला लावते. नाव आणि वेळ पुरे. त्याहून चांगलं म्हणजे सुट्या चिठ्ठ्या, ज्या भरून लगेच आत जातात.

फायलीच्या कण्यावर नावाऐवजी नंबर घालावा. फाइल कपाटातून निघाली की तिच्या जागी एक जाड पुठ्ठा, त्यावर कुणी नेली आणि कधी. आणि कपाटाला कुलूप असून किल्ली त्याच कुलपाला लटकत असेल तर ते कपाट उघडंच समजा. मी गेले त्या निम्म्या ठिकाणी किल्ली अशीच लटकत होती.

कागदाची खरी परीक्षा होते ती त्याची गरज संपल्यावर. अमेरिकेतल्या पार्कव्ह्यू हेल्थ या संस्थेने २००९ साली निवृत्त होणाऱ्या एका डॉक्टरांच्या पेशंटच्या नोंदी परत केल्या. परत केल्या म्हणजे त्या डॉक्टर घरी नाहीत हे माहीत असताना ७१ खोकी त्यांच्या घरासमोर, गाडी उभी करायच्या उघड्या जागेत, रस्त्यालगत ठेवून माणसं निघून गेली. पाच ते आठ हजार पेशंटची माहिती उघड्यावर. २०१४ साली ८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. आपल्या हातून रोज याचीच छोटी आवृत्ती घडते. एका बाजूने कोरे कागद वाया जाऊ नयेत म्हणून कुणीतरी जुने रिपोर्ट प्रिंटरमध्ये उलटे घालतं. एका दवाखान्यात वेटिंग रूममधल्या मुलांना चित्रं काढायला असेच कागद दिलेले मी पाहिले. एका मुलाने सूर्य आणि डोंगर काढले होते, आणि पाठीमागे कुणाच्या तरी थायरॉइडचा रिपोर्ट, नावासकट. कागद वाचवण्याची सवय चांगली आहे, पण दवाखान्यात ती सोडावी लागते. आडवा-उभा कापणारा श्रेडर काउंटरच्या हाताशी ठेवा. लांब, मागच्या खोलीत ठेवलात तर गर्दीच्या वेळी तिकडे कुणी जाणार नाही.

आणि कागदाची झेरॉक्स काढली की तो निव्वळ कागद राहत नाही. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्डडिस्क असते आणि काढलेल्या प्रती तिच्यात साठू शकतात. ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या अमेरिकी विमा संस्थेने भाड्याची मशीनं डिस्क न पुसता परत केली. त्यातलं एक एका वृत्तवाहिनीने विकत घेतलं आणि आतली माहिती बाहेर काढली. प्रकरण ३ लाख ४४ हजारांहून अधिक लोकांचं होतं आणि २०१३ साली १२ लाख डॉलरांवर मिटलं. मशीन भाड्याचं असेल तर परत देताना डिस्कचं काय होणार, हे करारातच लिहून घ्या.

दवाखान्यातला स्वतःचा संगणक

‘माझा डेटा माझ्या डोळ्यांसमोर’, ही या पद्धतीची मोठी ओढ. ती मला समजते. इंटरनेट नसलं तरी काम चालतं, नाव टाकताच जुनी नोंद सापडते, आणि कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

तरीही तिन्हींत मला सगळ्यात जास्त काळजी याच पद्धतीची वाटते. इथे कागदाचा साधेपणाही नाही आणि क्लाऊडवाल्यांकडे असते तशी रोज लक्ष ठेवणारी माणसंही नाहीत. संगणक बघणारा मुलगा महिन्यातून एकदा येतो. लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून त्याने टाकलेलं ॲप तो गेल्यावरही चालूच राहतं. अपडेटचा निरोप येतो आणि गर्दी आहे म्हणून ‘नंतर’ दाबलं जातं.

त्या ‘नंतर’ची किंमत १२ मे २०१७ला दिसली. फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टचं, म्हणजे रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांचं, काम विस्कटलं. १९ हजारांहून जास्त अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज नंतर निघाला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. माहितीचं रक्षण म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती न जाणं हे खरंच, पण हवी तेव्हा डॉक्टरांच्या हाताशी असणं हेही त्यातच येतं.

दुसरं उदाहरण लिहायला मला जड जातं. फिनलंडमध्ये वस्तामो ही मानसोपचार केंद्रांची कंपनी होती. नोंदींची यंत्रणा तिने स्वतःच बनवली होती आणि तिचं संरक्षण फार तकलादू होतं. तीस हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये चोराने थेट पेशंटना ईमेल पाठवले, पैसे द्या नाहीतर तुम्ही थेरपिस्टला जे सांगितलं ते सगळं उघड करू. काहींच्या नोंदी खरोखरच इंटरनेटवर टाकल्या. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. पासवर्ड गेला तर बदलता येतो. थेरपिस्टला सांगितलेलं लहानपण बदलता येत नाही.

स्वतःचा संगणक ठेवायचाच असेल तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, असलीच पाहिजे. एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप चोरीला गेला तर फक्त लॅपटॉप गेला. अमेरिकेच्या नियमांतही नीट एन्क्रिप्ट केलेली माहिती चोरीला गेली आणि तिची किल्ली सुरक्षित राहिली, तर पेशंटना कळवण्याची सक्ती लागू होत नाही. बॅकअपच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दवाखान्याबाहेर. शिवाय एक प्रत अशी हवी जी बॅकअप झाला की संगणकापासून सुटी करून ठेवलेली असेल, कारण जोडलेली डिस्क व्हायरस मुख्य डिस्कबरोबरच कुलूपबंद करतो. आणि वर्षातून दोनदा तरी बॅकअपमधून एखादी फाइल परत उघडून बघा. ‘बॅकअप रोज होतो’ असं ठामपणे सांगणाऱ्या एका दवाखान्यात गेले आठ महिने रिकामी फोल्डर साठत होती. ते आम्हाला तपासताना कळलं, गरज पडल्यावर नाही, हे नशीब.

क्लाऊडवरचं सॉफ्टवेअर

बॅकअप, अपडेट, कुणी कधी काय उघडलं याची नोंद, या तिन्ही गोष्टी इथे चांगल्या कंपनीकडून आपोआप मिळतात. दवाखान्यातला संगणक चोरीला गेला तरी नोंदी शाबूत राहतात. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दिसेल अशी सोय असते: काउंटरला नाव आणि वेळ, नर्सला औषधं, डॉक्टरांना सगळं.

धोका एका वाक्यात सांगते. तुम्हाला घरून उघडता येतं, म्हणजे तुमचा पासवर्ड ज्याला मिळेल त्यालाही त्याच्या घरून उघडता येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दवाखान्यांची बिलं आणि विम्याची कामं हाताळणाऱ्या अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर कंपनीत चोर शिरले ते चोरलेल्या लॉगिनने, आणि ज्या दारातून शिरले तिथे दुसऱ्या टप्प्याची तपासणी, म्हणजे मोबाइलवर येणारा कोड वगैरे, नव्हती. सुमारे १९ कोटी लोकांच्या माहितीला झळ लागली. ज्या दवाखान्यांची काहीच चूक नव्हती त्यांचीही बिलं आणि विम्याची कामं कित्येक आठवडे अडकली. म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन नसलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

सेटिंगमधली चूक हा दुसरा धोका, आणि तो छोट्या दवाखान्यांचा जास्त. फिनिक्समधल्या पाच डॉक्टरांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या क्लिनिकने अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनच्या तारखा इंटरनेटवरच्या कॅलेंडरवर ठेवल्या. ते कॅलेंडर कुणालाही बघता येत होतं. २०१२ साली त्यांना १ लाख डॉलर भरावे लागले. कुणी हॅकर नव्हता, कुणाचा वाईट हेतू नव्हता. सोयीचं होतं म्हणून वापरलं, एवढंच.

कंपनीचा माणूस दाखवायला आला की तो रंगीत आलेख दाखवेल. ते बघा, पण मग विचारा: मी उद्या सोडून गेलो तर माझ्या नोंदी मला कशा स्वरूपात आणि किती दिवसांत मिळतील? तुमच्या कंपनीतलं कोण त्या वाचू शकतं? चोरी झाली तर मला किती तासांत कळवाल? हे सगळं सहीनिशी लिहून द्याल का? पहिल्या प्रश्नाला तो अडखळला तर मी तिथेच थांबते.

गर्दीच्या तासाला काय होतं

आता तिन्हींची खरी तुलना. कागदाला लॉगिन नाही, त्यामुळे गर्दीत तो वेगाने चालतो आणि उघडाही पडतो. संगणकावर आणि क्लाऊडवर मात्र गर्दीत एकच गोष्ट घडते. सकाळी एक जण लॉगिन करतो आणि दिवसभर सगळे त्याच्याच नावाने काम करतात. बाहेर पडून पुन्हा आत यायला अर्धं मिनिट लागतं, समोर रांग उभी असते, माणूस तरी काय करणार? पण मग ‘कुणी काय उघडलं’ याच्या नोंदीला अर्थ उरत नाही. शेजारणीची फाइल कुणी चाळली, हे विचारलं तर यादीत सगळीकडे एकच नाव.

मी कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. सॉफ्टवेअर निवडताना माणूस बदलायला, म्हणजे एकाच्या लॉगिनवरून दुसऱ्याच्या लॉगिनवर जायला, किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजते. चार आकडी पिन किंवा कार्ड टेकवून तीन-चार सेकंदांत बदलत असेल तर लोक बदलतात. वीस सेकंद लागत असतील तर कितीही नियम लावा, बदलत नाहीत. दोन सॉफ्टवेअरमध्ये अडलात तर बाकीची वैशिष्ट्यं बाजूला ठेवून या एका गोष्टीवर निर्णय घ्या.

हाक मारायची कशी, रिपोर्ट पाठवायचा कसा

नाव पुकारावं की टोकन नंबर? नाव पुकारलं म्हणजे गुन्हा होत नाही. अमेरिकेच्या कडक नियमांतही वाजवी काळजी घेऊन नाव पुकारायला आणि येणाऱ्यांची यादी ठेवायला परवानगी आहे, फक्त येण्याचं कारण सोबत असता कामा नये. सर्वसाधारण दवाखान्यात नाव चालेल. मानसोपचार, वंध्यत्व, लैंगिक आरोग्य किंवा व्यसनमुक्तीच्या ठिकाणी मी टोकनच घ्यायला सांगते. फक्त खोलीत आल्यावर पूर्ण नाव आणि जन्मतारीख पेशंटच्या तोंडून वदवून घ्या. सतरा नंबरच्या जागी अठरा नंबर आत आला आणि चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, तर त्या गोपनीयतेला काही अर्थ नाही.

फोनवरही तेच. तुम्ही नाव वाचू नका, समोरच्याला सांगू द्या. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा.

रिपोर्ट पाठवायला लोकांना मेसेजिंग ॲप आवडतं. व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून दोन टोकांमध्ये एन्क्रिप्ट होऊन जातात, हे खरं. पण रिपोर्ट पोचल्यावर तो फोनच्या गॅलरीत पडतो, बंद स्क्रीनवर त्याची ओळ झळकते, आणि घरातलं मूल गेम खेळायला तोच फोन घेतं. पाठवणाऱ्या बाजूला तो कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये राहतो आणि नोकरी सोडताना त्याच्याबरोबर जातो. ईमेलला चुकीच्या पत्त्याचा धोका आहे. पोर्टल, म्हणजे पेशंटने पासवर्ड टाकून वेबसाइटवर रिपोर्ट बघायची सोय, तिन्हींत सुरक्षित, पण वयस्क पेशंटना ते उघडत नाही आणि मग ते नातवाला पासवर्ड देतात. हातात बंद पाकीट देणं अजूनही चांगलं आहे, फक्त दुसऱ्याच्या पाकिटात दुसऱ्याचा कागद जाऊ नये म्हणून बंद करण्याआधी नाव एकदा वाचायचं.

मी केसपेपरवर एक ओळ वाढवून घेते: ‘निरोप कसा हवा, आणि तुमच्याशिवाय कुणाला दिलेला चालेल?’ हे पेशंटला एकट्याने विचारायचं, सोबत आलेल्यासमोर नाही. नवरा, बायको, मुलगा, भाऊ सोबत आलेत म्हणून त्यांना सगळं सांगितलेलं चालेल, असं आपण गृहीत धरतो. मेसेज ॲपवरच हवा असेल तर दवाखान्याच्या वेगळ्या फोनवरून, फोटो गॅलरीत जाण्याची सोय बंद करून, आणि पहिला मेसेज फक्त ‘रिपोर्ट तयार आहे, पाठवू का?’ एवढाच.

अतिगोपनीयताही नको

ब्रिटनमध्ये १९९७ साली कॅल्डिकॉट समितीने पेशंटच्या माहितीसाठी सहा तत्त्वं घालून दिली. काही वर्षांत असं दिसू लागलं की लोक भीतीने आवश्यक माहितीसुद्धा देईनात. म्हणून २०१३ साली सातवं तत्त्व जोडलं: माहिती सांभाळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच पेशंटच्या भल्यासाठी ती योग्य जागी पोचवणं महत्त्वाचं असू शकतं. रात्री दुसऱ्या डॉक्टरांचा फोन आला, ‘या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का?’, तर फोन खरंच रुग्णालयातून आहे ना, हे तिथल्या मुख्य नंबरवर उलट फोन करून बघा आणि लगेच उत्तर द्या. नोकरी देणाऱ्याचा फोन आला तर पेशंटच्या लेखी संमतीशिवाय एक शब्द नाही. पोलीस किंवा कोर्टाचा कागद आला तर तो डॉक्टरांकडे, काउंटरवर उत्तर नाही.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. युरोपात मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती फुटल्याचं लक्षात आल्यापासून शक्यतो ७२ तासांत सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं, अमेरिकेत पेशंटना कळवायला जास्तीत जास्त ६० दिवस आहेत, भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. आपल्या ठिकाणचा नियम वकिलाकडून एकदा समजून घ्या आणि तो एका पानावर लिहून ठेवा.

मग मी काय घेईन?

एक डॉक्टर, एक मदतनीस, दिवसाला तीसेक पेशंट असतील तर कागद सोडायची घाई मी करणार नाही. तक्रारीची कॉलम काढा, कुलूप लावा, श्रेडर आणा. दोन-तीन डॉक्टर आणि पाच-सहा कर्मचारी झाले की क्लाऊड घ्या, दोन टप्प्यांचं लॉगिन आणि पटकन माणूस बदलण्याची सोय बघून. तेवढ्या माणसांत कागद कुणी बघितला हे सांगता येत नाही, आणि सांगता यायला हवं. स्वतःचा संगणक फक्त तेव्हाच, जेव्हा अपडेट आणि बॅकअपची जबाबदारी एका नाव घेण्याजोग्या माणसावर असेल आणि तो दर आठवड्याला येत असेल. कागद आणि संगणक दोन्ही अर्धे अर्धे चालवणं हे मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. वर्षभरात दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत आणि दोन्हीकडून गळती होते.

आमच्या दवाखान्यात शेवटी जे बदललं त्याला फारसा खर्च आला नाही. रिपोर्ट सांगायचा फोन ड्रेसिंगच्या खोलीत हलवला. काउंटरच्या फोनशेजारी एक कागद चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरात एकच वाक्य: ‘मी तुम्हाला दोन मिनिटांत आतून फोन करते.’ पहिले चार दिवस ताई ते बघून बघून वाचायच्या. पाचव्या दिवशी मी बाकावर जाऊन बसले. संध्याकाळचे साडेसात, खोली भरलेली. फोन वाजला, ताईंनी ऐकून घेतलं, कागदाकडे न बघता ते वाक्य म्हटलं आणि पेन खाली ठेवून आत गेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी मला विचारलं, ‘कुणाचा फोन होता?’ मला खरंच सांगता आलं नाही.